माप कुठे थांबतं?

आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक १७.

मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या टू-डू लिस्टमध्ये फक्त कामं असतात. भगवंतांच्या यादीत आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणं, सगळंच आहे. प्रत्येकाला ‘युक्त’, म्हणजे माप. मगच योग दुःख दूर करतो.

आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ साली आपल्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक परवाने द्यायचा अधिकार मिळाला. किती तोडायचं, कुठे थांबायचं, हे गाव सर्वसहमतीने ठरवतं. माप सुटलं तर जंगलच उरणार नाही.

शरीर आणि घर हेही आपलं जंगलच. लॅपटॉप किती वाजता बंद करायचा, हे आज घरच्यांसोबत बसून ठरवा. यादीतली पहिली ओळ तीच असू द्या.

जय हरी!