दवा, नशा आणि नियत

2009 साली आमचे मामू हाडांच्या कॅन्सरने गेले. मौत कुणाला चुकलेली नाही, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दोन महिन्यांबद्दल. रात्र रात्र ते कण्हत राहायचे आणि मामी उशाशी बसून त्यांचा हात धरून असायच्या. डॉक्टर म्हणाले, मॉर्फिनने आराम पडेल, पण आमच्याकडे ते ठेवण्याचा परवाना नाही. गावातल्या केमिस्टने तर नाव ऐकताच हात जोडले. "ते नार्कोटिक आहे साहेब, आम्हाला कशाला अडकवता?"

मामूंचा थोरला मुलगा तेव्हा न्यू जर्सीत एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होता. फोनवर त्याचा गळा दाटून आला. म्हणाला, "इथं दाढ काढली तरी लोक डबाभर गोळ्या घेऊन जातात, त्यातलेच काही पुढे व्यसनी होऊन परत येतात. आणि माझ्या अब्बांना एक गोळी मिळत नाही." हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. अफूपासून निघणारी एकच दवा. तिथे तिचा पूर, इथे दुष्काळ. कायदा तर दोन्हीकडे कडक. मग चुकले कुठे?

अमेरिकेची गोष्ट आधी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे रडणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी मॉर्फिन घातलेली सिरपे खुलेआम विकली जात. बाटलीत काय आहे हे आईला ठाऊक नसे. 1906 च्या केंद्रीय कायद्याने अफू, मॉर्फिन, कोकेन यांची नावे लेबलावर छापणे भाग पाडले. 1914 साली हॅरिसन कायदा आला आणि या पदार्थांची विक्री नोंदणी व कर यांच्या चौकटीत बांधली गेली. 1919 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, व्यसनी माणसाची लत चालू राहावी म्हणून डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी ही चिठ्ठीच नव्हे. त्यानंतर कित्येक डॉक्टरांवर खटले भरले गेले. मग व्यसनी रुग्णाला दारात उभे न करणे हेच शहाणपण ठरले.

1970 साली आजचा मुख्य कायदा झाला. त्याने अशा पदार्थांच्या पाच याद्या केल्या. हेरॉइन पहिल्या यादीत, म्हणजे इलाजातही वर्ज्य. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल दुसऱ्या यादीत; डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध नाही. ती चिठ्ठीही खऱ्याखुऱ्या वैद्यकीय कारणासाठीच असावी, असा नियम. कुलूप भक्कम होते. तरी घर लुटले गेले, कारण चोर कुलूप तोडून आलाच नाही. चावी घेऊन आला. 1996 पासून पर्ड्यू या कंपनीने ऑक्सिकोडोनची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असे डॉक्टरांना पटवले. 2007 साली आणि पुन्हा 2020 साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर मोहल्लेच्या मोहल्ले उजाड झाले होते. गोळ्या आटल्या तेव्हा लोक हेरॉइनकडे आणि पुढे चोरट्या फेंटानिलकडे वळले. 2021, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षांत तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे मेली.

मग भीतीचा लंबक उलट फिरला. 2016 साली सरकारी आरोग्य संस्थेने डॉक्टरांना मात्रा जपून वापरण्याचा सल्ला दिला. सल्लाच होता, पण अनेक ठिकाणी तो हुकूम म्हणून राबवला गेला. वर्षानुवर्षे या औषधावर जगणाऱ्या रुग्णांची मात्रा एकाएकी तोडली गेली. 2019 मध्ये सरकारलाच बजावावे लागले की असे करू नका, यातून आत्महत्यादेखील घडतात. सल्ला सुधारायला 2022 उजाडले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रुआन खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. डॉक्टरची चिठ्ठी नियमाबाहेरची होती एवढ्यावर तो गुन्हेगार ठरत नाही. आपण नियमाबाहेर जातो आहोत हे त्याला ठाऊक होते, किंवा तसाच त्याचा इरादा होता, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. म्हणजे गोष्ट अखेर नियतवर आली.

नियत हा शब्द आपल्याला नवा नाही. नमाज असो वा रोजा, आधी नियत. पण इथे आम्ही थोडे थबकतो. कंपनीच्या बोलण्यावर विश्वास ठेवून गोळ्या लिहिणाऱ्या कितीतरी डॉक्टरांची नियत साफच असेल. आमच्या केमिस्टचीही नियत वाईट नव्हती, त्याला फक्त आपले दुकान सांभाळायचे होते. नेक नियत असूनही एकाने विष वाटले, दुसऱ्याने तडफडणाऱ्याला दारातून परत पाठवले. नियत साफ आहे एवढ्याने माणूस सुटत नाही. समोरच्याचे काय होणार आहे, याची चौकशी करणे हाही नियतचाच भाग आहे.

आणि कायद्याची एक मर्यादा आमच्या ध्यानात आली. चुकीचे देणे हा गुन्हा आहे. न देणे हा सहसा गुन्हा नाही. गोळी दिल्याने कुणी मेला तर पंचनामा होतो, न दिल्याने कुणी दोन महिने तडफडला तर कुठल्याही दफ्तरात नोंद होत नाही. म्हणून भ्यालेला माणूस नेहमी 'नाही' म्हणतो. अमेरिकेत तर व्यसन सोडवणारे ब्युप्रेनॉर्फिन लिहायला 2000 सालापासून डॉक्टरांना खास परवानगी घ्यावी लागे, आणि व्यसन लावणाऱ्या ऑक्सिकोडोनला ती लागत नसे. ही अट 2022 च्या अखेरीस रद्द झाली.

आपल्याकडे 1985 च्या कायद्यात किमान दहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिथेच इस्पितळांना मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक राज्यांत एकाहून अधिक खात्यांचे उंबरे झिजवावे लागत. 2014 साली संसदेने कायदा दुरुस्त करून अशा औषधांना अत्यावश्यक मानले आणि देशभर एकच नियम लावण्याची वाट मोकळी केली. मामूंना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

परवाना सोपा झाला. पण परवाना म्हणजे काही हिंमत नव्हे. ती कागदावर मिळत नाही. औषधाच्या कपाटाची चावी ही अमानत आहे. अमानत विकून खाणे ही खयानत, हे सर्वांनाच कळते. पण हकदार दारात उभा असताना भीतीपोटी ती मुठीत घट्ट आवळून बसणे, याला काय म्हणायचे? आमच्या गावात आज कुणी मामूंसारखे कण्हत असेल, तर हा सवाल डॉक्टरला आहे, केमिस्टला आहे आणि तेव्हा हात जोडून परत फिरलेल्या आम्हालाही आहे.