सुरक्षा नकाशातच हवी

2027 च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळ्याच्या निमित्ताने एक युक्तिवाद पुन्हा ऐकू येतो आहे. दहशतवाद हा गुप्तचरांचा आणि पोलिसांचा विषय, नगररचनाकाराने रस्ते-गटारे पाहावीत. भिंतीने अतिरेकी थांबत नसतो. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. त्याच्या आडोशाने सरकार आपली जबाबदारी हल्ल्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकलते.

12 मार्च 1993 रोजी मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीतला स्फोट तळघरातल्या वाहनतळावर झाला. गाडी थेट इमारतीच्या पोटात नेता येईल, हे कुठल्या फौजदाराने ठरवले नव्हते. ते नकाशाने ठरवले होते आणि नकाशा मंजूर करते शासनयंत्रणा.

याचा अर्थ प्रत्येक चौकात काँक्रीटचे अडथळे उभारा, असा मात्र नाही. लेखिका जेन जेकब्ज यांनी 1961 साली अमेरिकी नगररचनाकारांना खडसावले ते इथे आठवते. रस्ता सुरक्षित ठेवतात ती तिथली दुकाने, ओट्यावर बसलेली माणसे, दिवसभराची ये-जा. वस्ती रिकामी करून तिला कुंपण घातले की तिचे राखणदारच निघून जातात. जेकब्ज यांच्यावर माझी श्रद्धा आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलसारख्या बाजारगावात आठवडे बाजाराच्या दिवशी कोण कुठल्या पाड्यावरून आला हे लोकांना न विचारता कळते. कोणताही कॅमेरा एवढे जाणत नाही.

पण याच हरसूलमध्ये जुलै 2015 मध्ये दंगल उसळली आणि दुकाने जळाली. तो दहशतवाद नव्हता. तरीही एवढे दिसलेच, की ओळखीच्या नजरा असूनही बाजारपेठ वाचत नाही. पुण्याच्या जर्मन बेकरीत तर येणारा जवळपास प्रत्येक जण परकाच. 13 फेब्रुवारी 2010 रोजी तिथे ठेवलेल्या बॉम्बने 17 बळी घेतले. जेकब्ज इथे अपुऱ्या पडतात. नजर हवीच, पण जे दिसले ते सांगण्याची सोय आणि निसटायला वाट नसेल तर नुसत्या पाहण्याने जीव वाचत नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनस रेल्वे स्थानकावर 50 हून अधिक माणसे मारली गेली. त्याच वेळी उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून गोळीबार पाहत होते आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत होते. त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. तिथे उंचावरचा कक्ष होता, ध्वनिक्षेपक होता, दुसरी वाट होती. यातले काहीही हल्ल्याचा विचार करून बांधलेले नव्हते. एका माणसाच्या प्रसंगावधानाने जे साधले ते प्रत्येक स्थानकात, बसस्थानकात, मंदिराच्या रांगेत आधीच योजून ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

हे आपल्याला अवघड नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर जबाबदारी टाकली आणि वर्षातून दोनदा प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले. मँचेस्टरच्या 2017 च्या स्फोटात मुलगा गमावलेल्या फिगेन मरे यांच्या पाठपुराव्यातून ब्रिटनमध्ये 2025 साली कायदा झाला. 200 किंवा अधिक लोक जमण्याची शक्यता असलेल्या जागांनी लोकांना बाहेर कसे काढायचे, दारे कशी बंद करायची, सूचना कशी द्यायची याची तयारी ठेवायची. 800 किंवा अधिक असतील तर जबाबदारी वाढते.

यातून छोट्या दुकानदाराच्या मागे आणखी एक इन्स्पेक्टर लागेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. कुंभासाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घाटाच्या, पुलाच्या आणि वाहनतळाच्या मंजुरीत बाहेर पडण्याच्या वाटा, वाहनांपासूनचे अंतर आणि ध्वनिक्षेपक यंत्रणा लेखी असावी. त्याखाली अधिकाऱ्याची सही असावी आणि तो कागद लोकांना पाहता यावा. तारांकित हॉटेल स्वतःचे रक्षक नेमू शकते. एसटीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तसे करता येत नाही. त्याच्या वतीने आधी विचार करण्यासाठीच सरकार असते.