एकवीस अंकांपाशी

आज एकाच संख्येपाशी बसू. घाई नको.

14,75,73,95,25,89,67,64,12,927.

उजवीकडून एकं, दहं, शतं म्हणत डावीकडे सरका. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेली अठरा स्थानं परार्धाशी संपतात, ही संख्या त्याच्याही पुढे तीन घरं जाते. पण दडपून जाऊ नका. तिची घडण साधी आहे. दोनाचा सदुसष्टावा घात घ्या, त्यातून एक वजा करा, झालं.

आता एवढंच मनात धरा: हिला भाग जातो का? घात 2, 3, 5, 7 घेतले तर 3, 7, 31, 127 मिळतात, सगळ्या मूळ संख्या. 11 घेतला की 2047 येतात, म्हणजे 23 गुणिले 89. मग 67 चं काय? मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी 1644 मध्ये ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली. 1876 मध्ये एद्वार ल्युका यांनी ती मूळ नसल्याचं सिद्ध केलं. अवयव कोणते, हे मात्र त्यांच्या रीतीतून कळत नव्हतं.

इथं थांबा. मला या संख्येत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. ती फुटते याबद्दल तिळमात्र शंका नाही, आणि कुठे फुटते याचा पत्ता नाही. सिद्धता हातात असूनही अवयव हाती यायला आणखी 27 वर्षं लागली. असं अर्धं कळणंही पक्कं असू शकतं, हे शांतपणे मनात मुरू द्या.

ऑक्टोबर 1903, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव मांडले: 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287. सांगतात की ते चकार शब्द बोलले नाहीत. फळ्यावर एकीकडे घात काढला, दुसरीकडे गुणाकार केला, उत्तरं जुळली आणि ते जागेवर जाऊन बसले. त्या शोधात त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले, असंही सांगितलं जातं.

आपण निदान नवाचा ताळा पाहू. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज 37, तिची 10, तिचा 1. दुसऱ्याची 64, पुन्हा 10, पुन्हा 1. एक गुणिले एक, एक. आपल्या एकवीस अंकी संख्येची बेरीज 109, मग 10, मग 1. जुळलं. ताळा चुकला तर गुणाकार नक्की चुकलेला असतो. जुळला म्हणून तो बरोबरच असेल असं नाही. त्यासाठी पूर्ण गुणाकारच करायला हवा.

तो जरूर करा, हातानं. पहिल्या अवयवात एक शून्य आहे, म्हणून ओळी आठच. त्यातल्या तीन सातच्या. 53,32,86,78,01,009 ही ओळ एकदा काढली की तिन्ही ठिकाणी तीच उतरवायची. फक्त प्रत्येक वेळी योग्य तेवढी घरं सोडा, आणि हातचा विसरू नका.