वीस दात्यांचा सूर्य

हातातलं काम थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एक आवाज आठवा. दुपारची निवांत गल्ली आहे. लांबून कुणीतरी सायकलवरून येतंय. पाय संथपणे फिरतायत आणि मागच्या चाकातून बारीक, एकसारखी टिक्‌टिक् ऐकू येतेय. साध्या सायकलची टिकटिक पाय थांबवल्यावर सुरू होते, ती फ्रीव्हीलची. ही पाय चालू असतानाही येते. ही थ्री-स्पीडची.

त्या आवाजाच्या उगमापर्यंत आज सावकाश जाऊ. कुठे थांबावंसं वाटलं तर थांबा.

माझ्यासमोर अशाच एका सायकलच्या मागच्या चाकाचा हब आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गोणपाटावर, गंजलेल्या पान्यांच्या ढिगाखाली सापडला. आधी नुसता हातात धरून पाहिला. नारळाच्या करवंटीएवढाही नाही, पण जड. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून पितळी ब्रशने घासल्यावर अक्षरं वर आली : स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि शेजारी दोन आकडे, ५८ आणि ७. या कंपनीच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असायचा. म्हणजे १९५८चा जुलै, इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. राले सायकलच्या फ्रँक बोडेन यांच्या छत्राखाली १९०२ साली तिथे थ्री-स्पीडचा हा धंदा सुरू झाला आणि एडब्ल्यू हा हब १९३६ साली आला. २००० साली कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, नॉटिंगहॅमचं काम थांबलं, पण हा हब आजही बनतो. इतकी वर्षं ज्याच्या रचनेला मुळातून हात लावावा लागला नाही, अशी वस्तू हातात असली की हात आपोआप हळू होतो.

आता चाक विणायला बसू.

चाळीस भोकांची रिम, चाळीस तारा. वीस डाव्या अंगाला, वीस उजव्या. प्रत्येक अंगातल्या निम्म्या तारा पुढे झुकतात, निम्म्या मागे, आणि एकमेकींना ओलांडत रिमपर्यंत जातात. पहिली तार चुकीच्या भोकात गेली तर शेवटची जागेवर बसत नाही. म्हणून पहिली तार घालताना शेवटचीही डोळ्यांसमोर असू द्या. ही वीण मला आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी शिकवली. त्यांच्या दुकानात मी चार संध्याकाळी नुसता बसून होतो. पाचव्या दिवशी त्यांनी निप्पलची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “पाव फेरी. त्याच्यावर नाही.”

आउट काढणं म्हणजे हीच पाव फेरी. रिमच्या कडेला खडू स्थिर धरायचा आणि चाक हलकेच फिरवायचं. रिम जिथे बाहेर येते तिथे पांढरी खूण उमटते. उजवीकडे झुकली असेल तर तिथली डावी तार पाव फेरी आवळायची, उजवी पाव फेरी सैल करायची. पुन्हा फिरवायचं. पुन्हा बघायचं. अर्धी फेरी द्यावी, एकदाचं संपवावं, असा मोह होतो. तो मोह बोटांत कुठे जाणवतो तेवढं पाहा. अर्धी फेरी दिली की इथला बाक जातो आणि चार तारा सोडून पलीकडे दुसरा उभा राहतो.

मग एकेक तार नखाने छेडून पाहा. सैल तार बद्द वाजते, आवळलेली खणखणीत. एका अंगाच्या सगळ्या तारा जवळपास एका सुरात लागेपर्यंत मी उठत नाही. त्या दिवशी उठलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

आता मनाने हबच्या आत शिरा. ही जागा निवांतपणे बघण्यासारखी आहे.

अगदी मधोमध आस. आसाच्या अंगावरच कोरलेलं एक छोटं दातेरी चाक, वीस दात्यांचं. यंत्रशास्त्रात त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती वीस-वीस दात्यांची चार चाकं, हे ग्रह. चारही ग्रह एका पिंजऱ्यात बसवलेले. आणि सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं, आतल्या बाजूने साठ दात्यांचं. संपलं. तीनही गिअर एवढ्यातून निघतात.

दुसऱ्या गिअरमध्ये मागचं दातेरी चक्र थेट कड्याला फिरवतं आणि कडं हबला. एकास एक. ग्रह फिरतात, पण त्यांच्यावर भार नाही. पहिल्या गिअरमध्येही जोर कड्यातूनच शिरतो, मात्र ग्रहांच्या पिंजऱ्यातून बाहेर पडतो. चक्राच्या चार फेऱ्यांना चाकाच्या तीन. तिसऱ्यात उलट : जोर पिंजऱ्यातून शिरतो, कड्यातून बाहेर पडतो. तीन फेऱ्यांना चार. या उलटापालटीपाशी मी दर वेळी थांबतो. चढाला वेगळी चाकं, सपाटीवर पळायला वेगळी चाकं, असं आत काही नाहीच. घर तेच आहे. एका दाराने शिरून दुसऱ्याने निघालात तर बळ मिळतं, उलट्या वाटेने गेलात तर वेग मिळतो. आणि जे मिळतं तेवढंच दुसऱ्या बाजूने द्यावंही लागतं. हब आपल्या पदरचं काहीच घालत नाही.

मी पुढे ४४ दात्यांचं चक्र लावलं, मागे २२ दात्यांचं. जुन्या रोडस्टरवर मागे बहुधा १८चं असे, म्हणून पहिला गिअरही घाटात छातीवर येई. ४४ आणि २२चा हिशेब तोंडी होतो. दुसऱ्यात पायडलच्या एका फेरीला चाकाच्या दोन फेऱ्या, पहिल्यात दीड, तिसऱ्यात पावणेतीनला थोडी कमी. अठ्ठावीस इंची चाकावर मीटरमध्ये मोजायचं तर साधारण साडेचार, तीन पूर्णांक तीन आणि सहाला जरा कमी.

आता सूर्याकडे परत या. सगळं फिरतंय आणि तो फिरत नाही.

पूर्वी मला वाटायचं, न फिरणाऱ्याला कसलं आलंय काम? पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ग्रह त्याच्याच दात्यांना रेटून पुढे सरकतात. पाय जितका जोर लावतो तितका तो रेटा वाढतो आणि सूर्याबरोबर सगळा आसच गरकन फिरवायला बघतो. म्हणून या आसाला दोन बाजू चपट्या असतात, आणि फ्रेमच्या खाचेत अडकणारी जिभळीची वॉशर नटखाली घालावी लागते. ती विसरली तर नट कितीही आवळा, घाटात आस हलतोच. बोटाच्या पेराएवढी वॉशर आहे ती, पत्र्याची. ती तळहातावर घ्या. सूर्याने जागा सोडू नये म्हणून ती तिथे आहे, आणि सूर्याने जागा सोडली नाही म्हणून आपण वर चढतो.

आईच्या स्वयंपाकघरातलं जातं आठवतं. खालची तळी जागची हलायची नाही, आणि तिला पाचर कुठे लावायची हे फक्त आईला ठाऊक असायचं.

गिअरची केबल जोडताना एका खिडकीतून बघायचं असतं. उजवीकडच्या नटाला आरपार भोक आहे. पैंजणाच्या साखळीसारखी नाजूक साखळी आसाच्या पोटात शिरते, तिच्या टोकाला बारीक दांडी. दुसऱ्या गिअरमध्ये त्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समतल दिसला पाहिजे. एकदा माझं हे पाहायचं राहून गेलं. “होईल तेवढं” म्हणून निघालो. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये या हबमध्ये एक रिकामी जागा आहे, तिथे काहीच काही पकडत नाही. उभं राहून पायडलवर सगळं वजन टाकलं आणि पाय पोकळीत गेला. गुडघा सायकलच्या दांडीवर आपटला. तो सल महिनाभर होता. तेव्हापासून निघण्याआधी खाली वाकून त्या भोकातून बघणं ही माझी रोजची गोष्ट आहे. बघताना श्वास आपोआप थांबतो.

चला आता, कात्रजचा जुना घाट. पहाट आहे, डेअरी मागे पडली आहे, रस्ता हळूहळू अंगावर यायला लागला आहे. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आहात आणि टिकटिक चालू आहे. आता ती कुठून येते ते तुम्हाला कळेल. हब फिरतोय पूर्ण वेगाने, ग्रहांचा पिंजरा पाऊण वेगाने. मागे पडलेल्या पिंजऱ्याच्या खिट्ट्यांवरून हब पुढे निघून जातो, त्याच्या पावलांचा हा आवाज.

मांड्या भरून येतात. पहिला गिअर हवा. खटका ओढा, पण जोर लावूनच ठेवलात तर आतला सांधा सुटत नाही. पाय फिरता ठेवा, फक्त त्यातला जोर काढून घ्या. अर्धा श्वास. सायकल थांबेल की काय, अशी भीती वाटते. ती वाटू द्या.

खट्ट.

आणि टिकटिक बंद. पहिल्या गिअरमध्ये पिंजराच चाक ओढतो. आता त्याला मागे टाकणारं कुणी नाही. म्हणून हा गिअर मुका आहे. आता ऐकू येते ती फक्त टायरखालची खरखर आणि तुमचा श्वास. दीड फेरी, दीड फेरी. वर किती उरलं ते बघू नका. पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता बघा. घाम भुवईवर येतो, तिथून नाकावर. आसाच्या त्या वीस दात्यांवर तुमचं वजन चाललंय आणि ते जागचे हलत नाहीयेत. वळण. पुन्हा वळण. पुणं खाली जात राहतं, दिवे अजून मालवलेले नाहीत.

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागतो. रस्ता सपाट होतो, पाय एकदम हलके फिरायला लागतात. जोर काढून घ्या. खटका सोडा.

टिक्. टिक्. टिक्.