एसी पंप आणि नागसेनाचा रथ

मे महिन्याच्या दुपारी मानवतहून परभणीकडे निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी महामार्गावर मध्येच बंद पडते आणि बॉनेट उघडून तासभर ठेवली की पुन्हा चालू होते, हे मराठवाड्यात अशी गाडी सांभाळणाऱ्यांना सांगावं लागत नाही. दोष बहुधा इंजिनात नसतो, पेट्रोलच्या वाटेत असतो. या गाडीचा मूळ पंप, ज्याला मेकॅनिक एसी पंप म्हणतात, इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो. कॅमशाफ्ट फिरतो तसा त्याचा डायफ्रॅम हलतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तसेही चाळीस अंशांच्या आसपास वाफ होऊ लागतात, आणि बॉनेटखालचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. नळीत वाफ भरली की पंप चालूनही कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही. त्यात आता देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे, आणि जुन्या डायफ्रॅमच्या व नळ्यांच्या रबराला इथेनॉल सोसत नाही. यावर एक उपाय सर्वांना ठाऊक आहे: टाकीजवळ, खालच्या बाजूला, सायलेन्सरच्या नळीपासून लांब बसवायचा विजेवरचा पंप. तो पेट्रोल लांबून ओढत नाही, पुढे ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलवर दाब राहतो, म्हणून ते सहजी उकळत नाही. पण हा पंप बसवताना मालकाच्या मनात जी चलबिचल होते ती गॅरेजमध्ये मिटणारी नाही. कारखान्याने जे दिलं ते काढल्यावर ही गाडी तीच राहते का?

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी रथाच्या निमित्ताने विचारला गेला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू यवन राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, की हे सगळे भाग मिळून रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर रथ हे या भागांच्या आधाराने वापरात आलेलं नाव ठरतं. वैशेषिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरोखर अस्तित्वात असते. म्हणून वस्त्राचा तुकडा फाटला की जुनं वस्त्र नष्ट होऊन दुसरंच, लहान वस्त्र जन्माला येतं. या मताने पंप बदलताच जुनी गाडी संपली. तर्क घट्ट आहे, पण तो गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. टायर बदलला तरी गाडी संपली आणि इंजिन बदललं तरी संपलीच. योग्य बदल आणि घातक बदल यांत ज्याला फरक करता येत नाही, त्याच्याकडून जपणुकीचा नियम मिळणार नाही. परभणी जिल्ह्यातल्याच जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुंफांत ज्या जैन परंपरेच्या मूर्ती आहेत, तिचं उत्तर मला जास्त उपयोगाचं वाटतं. उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी असतात, असं उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र मानतं. प्रश्न उरतो तो इतकाच, की गाडीत ध्रुव काय?

माझ्या मते ध्रुव आहे ती भागांची एकमेकांशी असलेली बांधणी. पोलाद झिजतं, रबर कुजतं, पण कोणत्या भागाने कोणाला किती द्यायचं, कोण कोणाच्या आज्ञेत चालायचं, हे ठरलेलं असतं आणि गाडीचं गाडीपण तिथे असतं. म्हणून नव्या भागाला एकच कसोटी लावावी: तो जुन्या भागांच्या मापात बसतो, की जुन्यांना आपल्या मापात बसायला भाग पाडतो? पंपाची निवड इथे खऱ्या अर्थाने तात्त्विक निवड होते. कार्ब्युरेटरमधला नीडल व्हॉल्व्ह साधारण तीन-चार पीएसआय दाब पेलतो. इंजेक्शनच्या गाडीसाठी बनलेला पंप चाळीसच्या वर दाब देतो. ‘जास्त ताकदीचा’ म्हणून तो बसवला तर फ्लोट दाबला जातो, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, मग रेग्युलेटर लावा, टाकीकडे परतीची नळी टाका, आणि शेवटी कुणीतरी कार्ब्युरेटरच काढायला सांगतं. कमी दाबाचा पंप यातलं काहीही मागत नाही. दोन्ही विजेचेच, दोन्ही परकेच. पण एक गाडीच्या सेवेला येतो, दुसरा तिचा ताबा घेतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वज्ञाकडून येत नाही, जाणत्या मेकॅनिककडून येतो. जुना पंप इंजिनला बांधलेला होता. इंजिन थांबलं की पेट्रोल थांबायचं. अपघातात नळी फुटली आणि इंजिन बंद पडलं, तरी विजेचा पंप इग्निशन चालू असेपर्यंत रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणजे बांधणी जपली म्हणताना एक धागा आपण तोडलेलाच असतो, आणि तोही जिवाशी जोडलेला. हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि माझ्या कसोटीला तो धक्का देत नाही, तिला पुरतेपणाने लावायला सांगतो. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून घेतली की इंजिन थांबताच पंप थांबतो. धक्क्याने वीज तोडणारा इनर्शिया स्विचही मिळतो. रिले, योग्य फ्यूज आणि पंपाआधी फिल्टर या पुढच्या गोष्टी. स्विच न लावता पंप बसवणाऱ्याने केवळ सुरक्षिततेत कसूर केली असं नाही. इंजिनच्या अधीन असलेलं पेट्रोल त्याने मोकाट सोडलं, गाडीचा स्वभाव बदलला.

दुसरा आक्षेप उताराचा: आज पंप, उद्या डिस्क ब्रेक, परवा इंजिन, थांबायचं कुठे? केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांनी एक रेघ ओढली आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. रेघ कामाची आहे, पण कुठे थांबायचं हे सांगते, का थांबायचं ते सांगत नाही. त्यासाठी औंढ्याला जावं. औंढा नागनाथ १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. तिथल्या नागनाथ मंदिराचा खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा आणि वरचा नंतरच्या जीर्णोद्धाराचा. सांधा डोळ्यांना दिसतो, कोणी तो लपवलेला नाही, आणि भाविकाला देव तोच वाटतो. जीर्णोद्धार खोटा ठरतो तो नवं बसवल्याने नव्हे, नव्याला जुनं म्हणून खपवल्याने. म्हणून विजेचा पंप जुन्या पंपाच्या कवचात लपवून बसवण्याची कल्पना मला पटत नाही. इंजिनवरचं जुन्या पंपाचं भोक प्लेटने बंद करावं, जुना पंप इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम घालून जपून ठेवावा, मूळ नळ्या कापू नयेत, आणि बदल केव्हा केला ते गाडीच्या कागदांत लिहून ठेवावं. विजेमुळे जुनेपण बाटतं हा समजही इतिहासाला धरून नाही. १९४८ च्या मॉरिस मायनरला कारखान्यातूनच एसयू कंपनीचा विजेचा पंप येत असे.

हा सगळा युक्तिवाद चालणाऱ्या गाडीपुरता आहे. जी गाडी आता रस्त्यावर येणारच नाही, केवळ पाहण्यासाठी आणि अभ्यासासाठी ठेवली आहे, तिच्यात पेट्रोल वाहत नाही, वाफ अडत नाही, कोणाचा खोळंबा होत नाही. तिच्या बाबतीत मूळ वस्तूच पुरावा असते. तिचा एसी पंप, डायफ्रॅम फाटलेला असला तरी, जिथे कारखान्याने बसवला तिथेच राहू द्यावा.