नाही म्हणणारा भट्टीवाला

सुरतेच्या नवागामात एक भट्टीवाले चाचा राहत. दिवाळीला पंधरा दिवस उरले की त्यांच्या दारात डब्यांची रांग लागायची. नवागाम म्हणजे डिंडोलीला लागून असलेली, खानदेशी माणसांनी गजबजलेली वस्ती. उधना-जळगाव रेल्वेने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. पुरुष लूमवर, बायका घरी साड्यांचे धागे कापायला, टिकल्या लावायला. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. दिवाळी आली की या बायका तूप, साखर आणि मैदा डब्यात भरून चाचांकडे नेत आणि नानकटाई भाजून आणत.

सुरत तर नानकटाईचंच शहर. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली, त्यांच्या पावासाठी भट्टी पेटली, पुढे ती पारशी कारागिराच्या हाती आली आणि तिच्यातूनच सुरती नानकटाई निघाली, असं इथे सांगतात. ते चाचांनाही ठाऊक होतं. भट्टीतून पत्रा बाहेर ओढताना ते म्हणायचे, "ही या गावाची जुनी मिठाई आहे, हिला घाईचा हात लावायचा नाही."

त्याच गल्लीत मंगला राहायची. तिची सात वर्षांची सोनी दोन वर्षं नुसती खंगत होती. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, रक्त सतत कमी. टॉनिक झालं, जंतांची औषधं झाली, दृष्टही काढून झाली. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली, दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, की मुलीला सिलिअॅक हा आजार आहे. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सोनीचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किटं जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नागली खुशाल खावी.

खानदेशी घराला भाकरीची काय वानवा! घरात ज्वारीची आणि कळण्याची भाकरी सुरू झाली आणि वर्षभरात सोनीच्या गालांवर रंग आला. ती शाळेत पळू लागली. फक्त एक सल राहिला होता. दिवाळीत गल्लीतली सगळी पोरं नानकटाई खात आणि सोनी दारात बसून बघत राही.

त्या वर्षी मंगलाने ठरवलं, की पोरीला नानकटाई खाऊ घालायचीच. तिने ज्वारीचं पीठ, बेसन, तूप आणि साखर घरी एकत्र मळली, डबा पदराखाली धरला आणि ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा चाचांनी डबा उघडून पाहिला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डबा झाकण लावून परत दिला.

"बेटी, हे माझ्या भट्टीत नाही भाजायचं."

"चाचा, माझ्या पिठात मैद्याचा कण नाही. हवे तर दुप्पट पैसे घ्या."

"तुझ्या पिठात नाही, पण माझ्या सगळ्या दुकानात आहे. दुसरीकडे कुठेही मागू नकोस. ऐक माझं."

मागच्या बायका कुजबुजल्या. एकीने तोंडावरच म्हटलं, की गरिबाचा अर्धा किलो भाजायला यांना जड जातं. मंगलाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाच्या भरात ती थेट मोठ्या रस्त्यावरच्या एका बेकरीत गेली.

तिथला मुलगा बोलायला गोड होता. "मैदा नको? मग मॅकरून घ्या ताई. अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि काजू. मैदा नावालाही नाही." त्याने बोलता बोलता खारी उचलायचा चिमटा घेतला, त्याच चिमट्याने सहा मॅकरून कागदावर ठेवले आणि वर हसून म्हणाला, "मुलीला माझ्याकडून एक जास्त." तो खोटं बोलत नव्हता. मॅकरूनमध्ये मैदा घालत नाहीत, हे खरंच आहे. त्याच्या मनात मुलीबद्दल मायाच होती.

सोनीने संध्याकाळी दोन खाल्ले. रात्री पोट धरून ती लोळू लागली, उलट्या झाल्या, पहाटेपर्यंत अंगात त्राण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगला आणि तिची सासू तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे धावल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" मंगलाने सांगितलं. तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो मंगलाने बेकरीत विचारला नव्हता. "ते कशाशेजारी ठेवलं होतं? कोणत्या चिमट्याने काढलं? कोणत्या पत्र्यावर भाजलं?"

सासूबाईंना हे पटेना. त्या अहिराणीत म्हणाल्या, "इतलासा चुऱ्यानी काय व्हस?"

डॉक्टरबाईंनी शांतपणे हिशेब मांडला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज अवघे 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, तीन महिने पोटात गेला तरी सिलिअॅकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणूनच आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. "आणि आजी, सोनीला उलट्या झाल्या म्हणून आपल्याला कळलं तरी. पुष्कळ मुलांना वरून काहीच होत नाही, आतडं मात्र आतल्या आत झिजत राहतं. म्हणून त्रास झाला नाही म्हणजे चाललं, असंही समजायचं नाही."

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. या मुलांचा वैरी गहू असावा, असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे त्या देशात भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळी मुलं खंगत होती, पण सिलिअॅकची मुलं मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत मिळू लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी त्यानंतर काटेकोर प्रयोग केले आणि 1950 साली आपल्या प्रबंधात गहू हेच कारण असल्याचं मांडलं. ज्या देशाच्या माणसांनी सुरतेत पावाची भट्टी पेटवली, त्याच देशातल्या डॉक्टरने काही लेकरांना त्या पावापासून वाचवण्याची वाट दाखवली.

परत येताना मंगला गप्प होती. गल्लीच्या तोंडाशी एका नव्या दुकानात 'ग्लुटेन-फ्री कुकीज' अशी पाटी तिला दिसली. ती थांबली. कुकीज उघड्या ट्रेमध्ये होत्या, शेजारच्या ट्रेमध्ये मैद्याची बिस्किटं, दोन्हीला मिळून एकच चिमटा. कारखान्यातून त्या कदाचित शुद्ध आल्या असतील. पाकीट फोडून त्या ट्रेमध्ये ओतल्या, तिथेच त्यांची शुद्धता संपली. मंगला काही न घेता पुढे गेली आणि थेट चाचांच्या दारात उभी राहिली.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही 'नाही' का म्हणालात, ते मला नीट सांगा."

चाचांनी भट्टीच्या खोलीकडे बोट दाखवलं. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात पांढरी भुकटी तरंगत होती. "हा मैदा बघ. पोतं उघडलं की तासन्‌तास हवेत असतो. तुझा डबा उघडला, की तो त्यात बसणार. हे पत्रे मी पुसतो, पण कोपऱ्यात जुनं भाजलेलं पीठ चिकटलेलं आहे. लाकडी पाटाच्या भेगांत पीठ आहे. तुपाच्या डब्यात माझा मैद्याचा हात जातो. तराजू तोच, ब्रश तोच, माझा सदराही तोच. लोकांना वाटतं, आगीत सगळं शुद्ध होतं. बेटी, आगीत जंतू मरतात; मैदा जंतू नाही, तो मरत नाही. माझ्या पुतण्याच्या मुलाला हाच आजार आहे. मी त्याला माझ्या हातचं काही देत नाही, तर तुझ्या मुलीला कसं देऊ?"

मंगला म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं ना."

"रांग मोठी होती, मी थोडक्यात आटोपलं. ती माझी चूक. आता भरपाई करतो. परवा भट्टी बंद आहे. तुझ्या घरी येतो."

ठरल्या दिवशी चाचा आले ते डोक्यावरून अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. हातात काहीच नव्हतं. ना चमचा, ना साचा, ना भट्टीतलं तूप. "माझं सामान म्हणजे मैद्याचं सामान," ते म्हणाले.

त्यांनी मंगलाच्या स्वयंपाकघरातही डॉक्टरबाईंसारखेच प्रश्न विचारले. ज्वारी कुठे दळता? चक्कीवर. तुमच्या आधी तिथे काय दळलं होतं? बहुधा गहूच. मग ते पीठ बाजूला ठेवलं. ज्वारीत गव्हाचा दाणा राहू नये म्हणून ती ताटात पसरून निवडली, बेसनासाठी चण्याची डाळ निवडून, धुऊन वाळवली आणि दोन्ही घरीच मिक्सरच्या नव्या भांड्यात दळल्या. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर चाचांनी सोनीच्या बापाकडून वाचून घेतलं, कारण बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा किंवा कणीक असते. डबीवर गव्हाचं पीठ लिहिलं होतं. पोरगी रोज खात असलेल्या डाळीत ते जात होतं. डबी त्याच दिवशी घराबाहेर गेली.

सासूबाईंनी कपाटातून चाळणी काढली. चाचांनी विचारलं, "मोठी माय, हिच्यातून कधी कणीक चाळली?" म्हातारीने चाळणी उजेडात धरली, तिच्या जाळीतले पांढरे कण पाहिले आणि एक शब्द न बोलता पायात चपला सरकवल्या. इतक्याशा चुऱ्याने काय होतं असं विचारणारी म्हातारी बाजारातून नवी चाळणी घेऊन आली आणि तिच्या कडेला तिने लाल दोरा बांधला. सोनीची चाळणी, सोनीचं लाटणं, सोनीचा तवा अशी लाल दोऱ्याची ओळख त्या दिवसापासून घरात सुरू झाली. स्टीलचं भांडं घासून स्वच्छ होतं. लाकूड, चाळणी आणि ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा यांचा भरवसा धरायचा नाही, हे चाचांनी सगळ्यांना समजावलं.

मग ते शिकवू लागले. तूप आणि पिठीसाखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, मगच पीठ हलक्या हाताने मिसळायचं. "पावाला चिकटपणा लागतो, म्हणून गहू लागतो. नानकटाईला चिकटपणा नकोच असतो, ती जिभेवर विरघळायला हवी. तुझी ज्वारी त्यासाठी चांगलीच आहे." जाड बुडाच्या कढईत मीठ पसरलं, त्यावर स्टँड, त्यावर थाळी, वर घट्ट झाकण आणि खाली मंद आच. वेलचीचा वास गल्लीत गेला तशा शेजारणी जमल्या. त्या दिवशी चाचांना बोल लावणारी बाईही आली. चाचांनी तिलाही तेच प्रश्न शिकवले.

सोनीने चार नानकटाया खाल्ल्या. रात्री ती शांत झोपली. दिवाळीत तिने आपली थाळी घेऊन घरोघरी फिरून सगळ्या पोरांना नानकटाई वाटली. बघत बसणारी आता देणारी झाली.

चाचांनी भट्टीवर एक पाटी लावली: 'इथे सगळं मैद्यासोबत बनतं. गहू चालत नसेल तर इथलं काही घेऊ नका.' गिऱ्हाईक तुटेल, असं लोक म्हणाले. तसं झालं नाही. जो माणूस न विकण्याचं कारण पाटीवर लिहितो, त्याचा विकलेला माल खराच असणार, असं नवागामाला वाटू लागलं आणि पुढच्या दिवाळीला डब्यांची रांग लांबली.

तात्पर्य: पदार्थात काय घातलंय एवढंच विचारून थांबू नये, तो कशाला लागून आला, कोणत्या हाताने, कोणत्या पत्र्यावरून आला, हेही विचारावं. ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून लेकरासाठी काही घेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो. आणि जो आपलं नुकसान सोसून 'माझ्याकडे नको' म्हणतो, त्याचा राग धरू नये. माया पुष्कळांजवळ असते. त्या मायेपोटी खरं तेच सांगणारा माणूस भेटला, तर त्याला जपावं.