धुरा कुठे धरायचा

साखरखेर्ड्याच्या शिवारात विहिरी उतरू लागल्या की मोटर कोरडी चालू नये म्हणून आत सेन्सरच्या वायरी सोडतात. पाणी खालच्या वायरीखाली गेलं की मोटर बंद, वरच्या वायरीला टेकलं की चालू. दोन वायरींत अंतर किती ठेवायचं? फारच कमी ठेवलं तर मोटर सारखी चालू-बंद होऊन जळू शकते.

हे अंतर काढायला काळ्या खडकातल्या झऱ्यांचा नकाशा लागत नाही. विहिरीचा घेर, झऱ्यांची आवक आणि मोटरचा उपसा, एवढ्या तीन आकड्यांचं मॉडेल पुरतं. गंमत म्हणजे मोटरला सर्वांत जास्त झटके मे महिन्यात बसत नाहीत. तेव्हा ती थोडा वेळ चालते आणि तासन्‌तास गप्प पडते. आवक उपशाच्या निम्मी असते, त्या दिवसांत चालू-बंदचा फेरा सर्वांत छोटा होतो. वायरी त्या दिवसांच्या हिशेबाने सोडाव्यात.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 साली यंत्रांचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरवर निबंध लिहिला, तोही असाच काटकसरीचा. ठरलेल्या वेगापासून यंत्र जरासं ढळलं, तर ते ढळणं वाढत जातं की विरतं, एवढंच त्याने पाहिलं.

पण मॉडेलमधून सोडून दिलेलं कधीकधी अंगावर येतं. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ‘ऑटो’ घ्या. त्याच्या लेखी जगात एक मोटर आणि तीन फेज, बस. रात्री लाईट येते आणि एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याने व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज निम्मं झालं की मोटरचा जोर पावच उरतो. मग ती गती घेत नाही, आणि गती नाही म्हणून करंट उतरत नाही. फ्यूजवर निभावलं तर नशीब, नाहीतर ऐन हरभऱ्याच्या पाण्याला डीपी जळते.

मोटरचं आणखी बारीक मॉडेल करून इथे काही हाती लागत नाही. मॉडेलचा धुराच, म्हणजे बांधच, आखूड पडला. शेजाऱ्यांच्या मोटरी पलीकडे राहिल्या. बऱ्याच ऑटोंवर उशिराने चालू करण्याची सोय असते, पण सगळ्यांनी सारखाच उशीर लावला तर मोटरी पुन्हा एकदमच उठणार. एकाने दहा सेकंद लावावेत, दुसऱ्याने तीस, तिसऱ्याने मिनिटभर. त्यासाठी डीपीवरच्या सगळ्यांना एकदा पारावर बसवावं लागतं, आणि ज्याच्याशी धुऱ्यावरून बोलणं बंद आहे त्यालाही बोलवावं लागतं.